लेकरांच्या केसेस, बालकल्याण समिती, पोक्सो, आरटीई: कायद्यानं दिलेलं मागायचं कसं? (नाशिककरांसाठी)

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी नाशिकला वकिली करते, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर आहे आणि त्यातही लहान मुलांच्या केसेस जास्त करून माझ्याकडे येतात. मागे इथेच एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की मुलांसाठी कायदे ढीगभर आहेत, उपयोग शून्य. तेव्हापासून लिहायचं डोक्यात होतं.

उपयोग शून्य नाहीये हो. पण कायद्यानं जे दिलंय ते कुणीतरी मागावं लागतं, आणि मूल स्वतः मागत नाही. मोठ्या माणसाचा पगार अडला तर तो चार ठिकाणी चकरा मारतो, भांडतो, अर्ज करतो. आठ वर्षांच्या लेकराला तर आपला हक्क बुडालाय हेच कळत नाही, त्याला फक्त आपलं काहीतरी चुकलंय असं वाटत राहतं. त्याच्या वतीनं आईबाप, मास्तर, शेजारी, अंगणवाडीताई, वकील यापैकी कुणीतरी उभं राहिलं तरच गाडी पुढे सरकते. सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकाजवळ) कोर्टाच्या आवारात रोज असे आईवडील दिसतात ज्यांची केस वर्षभर चालू आहे आणि त्यांना फुकट वकील मिळतो एवढंसुद्धा कुणी सांगितलेलं नसतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे, त्याच्या कलम १२ मध्ये बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील आहे. दाखला लागत नाही उत्पन्नाचा! तरी लोक तहसीलला तो दाखला काढायला रांगेत उभे असतात.

तर या धाग्यावर कुणाला काय अडचण आली, काय विचारायचंय ते लिहा, मला माहिती असेल तेवढं सांगते. एकच विनंती, कुणाही मुलाचं नाव, शाळा, गल्ली काही लिहायचं नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं आणि पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम २३ नं ते मनाई आहे, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "कृपया सावध राहा" म्हणून फोटो फिरवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं, त्या फोटोनं त्या पोरीचं घराबाहेर पडणं बंद होतं.

रानवारा

फार गरजेचा धागा, धन्यवाद ताई. माझा पहिला प्रश्न. आमच्या ओळखीत पोक्सोची केस आहे, त्यांना कुणीतरी सांगितलं की "सपोर्ट पर्सन" मागा. हे नक्की काय असतं? पोलीस देतात का? आणि पैसे लागतात का?

गोदाकाठ

रानवारा, पैसे लागत नाहीत. नीट सांगते कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

पोक्सो कायदा २०१२ चा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू. त्याचे आत्ताचे नियम २०२० चे. कम्प्लेंट झाली की पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला (काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. समिती मग मुलाच्या आणि पालकांच्या संमतीनं सपोर्ट पर्सन नेमते, म्हणजे बहुतेक वेळा संस्थेतली प्रशिक्षित ताई किंवा दादा, जो तपासापासून निकालापर्यंत त्या मुलाबरोबर राहतो. दवाखान्यात, मॅजिस्ट्रेटपुढच्या जबाबाला, कोर्टात. पुढची तारीख कधी, आरोपीला जामीन मिळाला का, भरपाईचा अर्ज कुठे अडला, हे सगळं घरच्यांना त्यानं सांगायचं. ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट म्हटलंय की सपोर्ट पर्सनची गरज पालकांच्या मर्जीवर सोडू नका, हा हक्क आहे हे प्रत्येक केसमध्ये घरच्यांना सांगा. आणि नियमांमध्ये एक फॉर्म ए म्हणून आहे, त्यात मुलाला काय काय मिळायला हवं त्याची यादीच आहे. पोलिसांनी तो द्यायचा असतो, नाही दिला तर मागून घ्या.

तुमच्या ओळखीच्यांना सांगा, बालकल्याण समितीच्या अध्यक्षांच्या नावे साधा अर्ज लिहायचा, एफआयआरचा नंबर टाकायचा, सपोर्ट पर्सन मिळावा म्हणायचं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. शिक्का आणि तारीख. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

आता कोर्टात काय फरक पडतो ते एक पाहिलेलं सांगते, ओळख पटेल असं काही न सांगता. साक्षीला आलेली मुलगी इतकी लहान की खुर्चीत बसल्यावर पाय जमिनीला टेकत नव्हते. आरोपी आणि तिच्यामध्ये पडदा लावलेला, तो कायद्यातच आहे. समोरच्या वकिलांचा प्रश्न होता की हे किती वाजता घडलं. पोक्सोच्या कलम ३३ प्रमाणे वकिलांनी मुलाला थेट विचारायचंच नाही, प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचा आणि न्यायाधीशांनी विचारायचा. न्यायाधीश मॅडमनी तो प्रश्न बघितला आणि मुलीला विचारलं, शाळेत खिचडी मिळाली त्याच्या आधी की नंतर? नंतर. दप्तर खांद्यावर होतं का? नाही, दप्तर घरी ठेवून मी दळण आणायला गेले होते. गिरणी चालू होती? हो, पण माझा नंबर आला नव्हता. झालं, वेळ आली की रेकॉर्डवर! त्याच मुलीला "किती वाजले होते बोल, आठवत नाही म्हणजे खोटं बोलतेस का" असं उभं-आडवं विचारलं असतं तर ती रडली असती आणि केस तिथेच लंगडी झाली असती. सपोर्ट पर्सन ताई मागे बसली होती, पाण्याची बाटली आणि एक रंगवायची वही घेऊन, मध्ये ब्रेक मागितला तर मिळाला. हेही कलम ३३ मध्येच आहे, वारंवार ब्रेक द्यायचा आणि मुलाला पुन्हा पुन्हा कोर्टात बोलवायचं नाही.

हे सगळं प्रत्येक कोर्टात प्रत्येक वेळी आपोआप होतं असं नाही. कुणीतरी उठून म्हणावं लागतं की साहेब, पडदा हवा.

मेथीची_भाजी

वाचनखूण साठवली. अंगावर काटा आला ताई.

झेडपी_मास्तर

मी हरसूल भागात जिल्हा परिषद शाळेवर आहे. पोक्सोवर लिहिलंत ते छानच पण आमच्याकडचा प्रश्न वेगळा आहे तो मांडतो, जरा लांबेल.

दिवाळी झाली की आमचे वर्ग रिकामे व्हायला लागतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, हरसूल इकडची माणसं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे जातात, बागेतच पाल टाकून राहतात आणि मुलांना घेऊन जातात कारण घरी ठेवणार कुणाकडे. मोठी पोरगी, म्हणजे मोठी किती तर चौथी-पाचवीतली, ती लहान भावंडं सांभाळते आणि हात लागला तर द्राक्षघडांच्या विरळणीला पण बसते. आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं, पण बागेपासून शाळा लांब आणि बागायतदाराला काय पडलंय. हंगामी वसतिगृहाची सोय सरकारनं केलेली आहे, ती ज्या वर्षी वेळेवर सुरू होते त्या वर्षी माझ्या वर्गातली निम्मी पोरं तरी टिकतात हे मी स्वतः बघितलंय, आणि ज्या वर्षी मंजुरी डिसेंबर-जानेवारीत येते तेव्हा पोरं आधीच गेलेली असतात. जून-जुलैमध्येच सर्वे करून प्रस्ताव पाठवला पाहिजे असं मी दरवर्षी केंद्रप्रमुखांना लेखी देतो.

आणि दुसरं, त्याहून वाईट. २०२२ ला इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीवरची मुलं नगर जिल्ह्यात मेंढपाळांकडे कामाला ठेवलेली सापडली होती, थोडक्या पैशावर, एक मेंढरू देतो म्हणून. त्यातली एक लहान मुलगी दगावली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं स्वतःहून दखल घेतली होती. पेपरला महिनाभर आलं मग विसरले सगळे. ती मुलं कुणाच्या तरी हजेरीपटावर होती की नाही? मास्तरनं सलग गैरहजर मुलगा कुठे गेला हे वस्तीवर जाऊन विचारलं तर निदान कळतं तरी. मी माझ्या पोरांच्या बाबतीत ते करतो, आणि सगळ्या शिक्षकांनी करावं असं कळकळीनं वाटतं. पण कळल्यावर पुढे काय करायचं, कुणाकडे जायचं, ते आमच्या ट्रेनिंगमध्ये कधीच शिकवत नाहीत.

गोदाकाठ

मास्तर, तुमच्यासारखे शिक्षक आहेत म्हणून आमच्यापर्यंत अशा केसेस येतात तरी.

पुढे काय करायचं ते सांगते. उचल देऊन मूल कामाला ठेवलं असेल तर ती नुसती बालमजुरी नाही, ती वेठबिगारी आहे. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागतो, त्यानुसार ती उचल फेडायची कुणावरच जबाबदारी राहत नाही, कर्जच रद्द. हे आईबापांना आधी सांगा, कारण "पैसे परत मागतील" या भीतीनंच ते गप्प बसतात. अर्ज करायचा प्रांताधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि त्यांच्याकडून मुक्ती प्रमाणपत्र घ्यायचंच घ्यायचं. नुसतं मूल सोडवून घरी आणून सोडलं आणि प्रमाणपत्र निघालं नाही तर पुनर्वसनाचे पैसे अडकतात. केंद्राच्या योजनेत मुलांसाठी २ लाख आणि लैंगिक शोषण किंवा तस्करीसारखं गंभीर काही असेल तर ३ लाख आहेत. त्या रकमेसाठी म्हणत नाही मी, पण त्या घरात तेव्हा खायला नसतं म्हणून तर पोर गेलेलं असतं ना. घरात काहीच आलं नाही तर पुढच्या हंगामात तेच पोर परत जातं, मी हे होताना बघितलंय.

सोबत बाल न्याय कायद्याचं कलम ७९ लागतं, मुलाला वेठीला ठेवून काम करून घेतलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. आणि बालमजुरी कायदा २०१६ ला बदलला, आता १४ च्या आतल्या मुलाला कुठल्याच धंद्यात ठेवता येत नाही. बालकलाकारांची सूट सोडली तर फक्त स्वतःच्या घरच्या कामात, तेही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत चालते. दुसऱ्याच्या बागेत मजुरीवर गेलेलं मूल आईबापासोबत असलं तरी ते "घरचं काम" होत नाही. बागायतदार हा मुद्दा हमखास पुढे करतात, त्यांना हेच ऐकवायचं.

तुमचा हजेरीपट हा पुरावा आहे मास्तर. त्यावरची खाडाखोड न केलेली गैरहजेरी कोर्टात फार कामाला येते.

झेडपी_मास्तर

हे मुक्ती प्रमाणपत्राचं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकू का?

गोदाकाठ

टाका की, त्यासाठीच लिहिलंय.

सिडकोकर_आई

ताई माझा मुलगा आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतून) एका इंग्रजी शाळेत लागलाय, शाळेचं नाव घेत नाही. तिसरीत आहे. वर्गात "आरटीईवाले इकडे बसा" असं वेगळं बसवतात आणि ॲक्टिव्हिटीची फी भरली नाही म्हणून त्याला सहलीच्या दिवशी दुसऱ्या वर्गात बसवून ठेवलं होतं, मागच्या महिन्यात बाईंनी पट्टीनं मारलं, वळ उठले होते हातावर. मी फोटो काढून ठेवलेत. भांडायला जायचं तर यांना वाटतं की शाळेतून काढतील, मग २५ टक्क्यातली सीट पण जाईल. काय करू

चिंचखेड_नाका

ताई पहिल्यांदा सरळ शाळेत जाऊन दम द्या. घाबरलात की संपलं.

गोदाकाठ

सिडकोकर_आई, सीट जाणार नाही. आरटीईच्या कलम १६ मध्ये आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही असं स्वच्छ लिहिलंय, २५ टक्क्यातल्या असो की फी भरणाऱ्या. हे आधी घरी सांगा म्हणजे यजमानांचाही जीव भांड्यात पडेल.

मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला कलम १७ नं बंदी आहे. वेगळं बसवणं हा भेदभाव आहे, त्यालाही नियमांत मनाई आहे. दम देऊ नका (चिंचखेड भाऊ, राग मानू नका, पण त्यानंतर शाळा फक्त तुमच्या आवाजाची तक्रार करते आणि मुलाचा विषय बाजूला राहतो). मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या, तारीखवार, फोटो जोडून. महापालिका हद्दीत आहात म्हणजे महापालिकेच्या शिक्षण विभागात प्रशासनाधिकाऱ्यांना प्रत द्या. तिथेही हललं नाही तर मुंबईला राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे, आरटीईच्या तक्रारी ऐकायचा अधिकार त्यांना कायद्यानंच दिलाय, तिथे पोस्टानं किंवा ईमेलनं तक्रार जाते. वळ उठण्याइतकं मारलं असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७५ पण लागू शकतं, पण ते पोलिसांत जाणं आहे, तो निर्णय मुलाशी बोलून शांतपणे घ्या. त्याला रोज त्याच वर्गात जाऊन बसायचंय.

आणि तुम्ही एकट्या नाही आहात. शाळेतल्या बाकीच्या आरटीई पालकांना गाठा. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारनं अधिसूचना काढली होती की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्के लागू नाही. म्हणजे शहरात बहुतेक सगळ्याच शाळा सुटल्या असत्या! पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९ जुलै २०२४ ला न्यायालयानं ती रद्द केली. तुमच्या मुलाच्या मागून आलेल्या मुलांना ज्या जागा मिळाल्या त्या त्या पालकांनी भांडून राखल्यात.

सिडकोकर_आई

कलम १६ चं वाचून खूप बरं वाटलं. उद्याच पत्र लिहायला घेते. मराठीत दिलं तर चालतं ना?

गोदाकाठ

मराठीतच द्या. आपल्या राज्याची राजभाषा आहे.

सडेतोड

सगळं ठीक आहे पण एक बाजू कुणीच मांडत नाही म्हणून मी मांडतो. पोक्सोचा गैरवापर किती होतो ते बोला की. आमच्या गावात १९ वर्षाचा मुलगा, मुलगी साडेसतरा वर्षांची, दोघं राजीखुशीनं पळून गेले, मुलीच्या बापानं पोक्सो लावला आणि पोरगा आत. त्याचं आयुष्य बरबाद झालं, तो पण कुणाचं तरी लेकरूच आहे. तुम्ही वकील लोक फक्त एकाच बाजूनं बघता.

गोदाकाठ

सडेतोड, तुमचा मुद्दा खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. २०१२ ला पोक्सो आला तेव्हा संमतीचं वय १६ वरून १८ झालं, त्यामुळे पळून गेलेल्या जोडप्यांच्या केसेस या कायद्यात आल्या आणि त्यात कोवळी पोरं अडकतात हे रोज दिसतं. विधी आयोगानं सप्टेंबर २०२३ मध्ये २८३ वा अहवाल दिला, त्यात वय कमी करू नका असं म्हटलंय पण १६ ते १८ मधल्या अशा केसेसमध्ये शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना मोकळीक द्या असंही सुचवलंय. माझं वैयक्तिक मत, ती मोकळीक कायद्यात यायला हवी. अशा केसेसमध्ये मी आरोपी झालेल्या पोरांच्या बाजूनंही उभी राहिलेय, जामिनासाठी.

पण यावरून "पोक्सोच्या केसेस खोट्या असतात" इथे उडी मारू नका, तिथे मी तुमच्याशी सहमत नाही. मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्यासाठी कलम २२ मध्ये शिक्षा आहेच. माझ्याकडे ज्या लहान मुलांच्या केसेस येतात त्यात आरोपी बहुतेक घरातला नाहीतर रोज घरी येणारा असतो, आणि त्या घराचा जोर तक्रार मागे घ्यावी यासाठी असतो. आजी म्हणते नातवंडाचं लग्न कसं होईल, काका म्हणतो घराची अब्रू. ते मूल सगळ्यांकडे बघून विचारतं, मी सांगितलं म्हणून तुम्ही भांडताय का. त्या घरात त्याच्या बाजूला कुणी नसतं हो. पळून गेलेल्या जोडप्याचं उदाहरण देऊन या मुलांचा विषय संपवू नका एवढंच म्हणणं आहे.

सडेतोड

ठीक. जामिनाचं लिहिलंत ते आवडलं. त्या मुलाच्या घरच्यांना विधी सेवेचा वकील मिळेल का?

गोदाकाठ

कोठडीत असलेल्या माणसालाही विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नं मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा किंवा थेट जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाच्या ऑफिसला जा.

निवृत्त_ग्रामसेवक

नमस्कार. मी बालविवाहाबद्दल लिहितो. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी हा ग्रामसेवक असतो हे गावात कुणाला माहीत नसतं, कधीकधी नव्या ग्रामसेवकाला पण नसतं. मुहूर्ताच्या दिवसात फोन येतात, तेही हळद लागल्यावर. तेव्हा मंडपात जायचं म्हणजे गाव अंगावर येतं, पोलीस पाटील, अंगणवाडीताई सोबत घेतल्याशिवाय जाऊ नये असं मी नव्या पोरांना सांगतो. आणि मंडपात भाषण द्यायचं नाही. मुलीच्या शाळेचा दाखला हातात घेऊन जायचं, बापाला आणि मुलाच्या बापाला बाजूला घ्यायचं, सांगायचं की २००६ च्या कायद्यानं लग्न लावणारा भटजी, मंडपात पुढे पुढे करणारे पाहुणे, सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत सजा आणि एक लाखापर्यंत दंड आहे. भटजी पहिला निघून जातो, हे अनुभवानं सांगतो.

पण लग्न थांबवलं की काम संपलं असं नाही, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तालुक्यात नेऊन लावतात. म्हणून मुलीला बालकल्याण समितीपुढे हजर करून बापाकडून हमीपत्र घ्यायचं आणि त्यानंतर शाळेत तिची हजेरी लागते का ते बघत राहायचं. मी तेवढ्यासाठी शाळेत चक्कर टाकायचो. बाकी वकील मॅडम सांगतील.

गोदाकाठ

काका, नमस्कार. तुम्ही जे लिहिलंत ते कुठल्या पुस्तकात नाही.

दोन गोष्टी जोडते. एक, लग्न ठरल्याचं आधी कळलं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडून कलम १३ खाली मनाई हुकूम घेता येतो, आणि हुकूम असताना लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. दोन, हुकूम नसताना झालेलं लग्न आपोआप रद्द होत नाही, पण त्या मुलीला ते रद्द करून मागता येतं, सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत. म्हणजे मुलगी वीस वर्षांची होईपर्यंत. कितीतरी मुलींना वाटतं झालं ते झालं, आता घटस्फोटच घ्यावा लागेल. नाही. १८ च्या आत असेल तर तिच्या वतीनं पालक किंवा जवळचं मोठं माणूस बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याबरोबर अर्ज करू शकतं. इथे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या नात्यात अशी मुलगी असेल तर तिच्या कानावर हे घाला.

लॉ_थर्ड_इयर

ताई मी नाशिकमध्येच लॉ करतेय, यात काम करायचंय. आम्हाला शीला बारसे केस शिकवली, १९८६ ची. एका पत्रकारानं तुरुंगातल्या मुलांसाठी सुप्रीम कोर्टात जाणं आणि कोर्टानं जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांना भेटी द्यायला लावणं हे वाचून मी भारावून गेले होते. पण आता अशा मोठ्या याचिका करणं आमच्यासारख्यांना शक्य आहे का?

गोदाकाठ

मोठी याचिका एकदम उभी राहत नाही गं. शीला बारसे यांनी आधी माहिती गोळा केली, कुठल्या तुरुंगात किती मुलं आहेत ही. त्यामुळे कोर्टाला राज्यांकडून हिशोब मागता आला, आणि त्याच वर्षी पहिला देशभरचा बाल न्याय कायदा आला. तू आत्तापासून विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून नाव दे, बाल न्याय मंडळाचं (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांच्या केसेस तिथे चालतात) काम कसं चालतं ते समजून घे. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यातली एक बाई असतेच. तिथे मुलाच्या पालकांना बाहेर बाकावर बसवून काय काय सांगावं लागतं ते ऐकलंस की कायदा नीट कळेल.

पाथर्डी_फाटा

मुलांच्या तुरुंगाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. माझ्या भाच्याला (१५) मोबाईल चोरीच्या संशयावरून एका पोलीस ठाण्यात रात्रभर बसवून ठेवलं होतं, बहिणीला आत जाऊ दिलं नाही. सकाळी सोडलं. असं करता येतं का?

गोदाकाठ

नाही करता येत. १८ च्या आतल्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, मुलाशी त्यानंच बोलायचं, साध्या कपड्यात, आणि आईवडिलांना लगेच कळवायचं. ताब्यात घेतलं तर २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. मोबाईल चोरीसारख्या गुन्ह्यात मुलाबरोबर मोठी माणसं सामील नसतील तर एफआयआर सुद्धा करायचा नसतो, डायरीत नोंद करून मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाला द्यायचा असतो. वयाचा वाद घातला तर शाळेचा दाखला किंवा महापालिकेचा जन्मदाखला दाखवा, ही दोन्ही नसतील तेव्हाच हाडांची तपासणी. बहिणीला सांगा, घडलं ते तारीख-वेळेसह लिहून बाल न्याय मंडळाला अर्ज द्या. भाचा शाळेत जातोय ना नीट? रात्रभर ठाण्यात बसलेली मुलं बरेचदा शाळा सोडतात, त्याच्याशी बोला.

पाथर्डी_फाटा

जातोय पण गप्प गप्प असतो. बोलतो मी.

पंचवटीकर

रामकुंडावर भीक मागणारी, कुंकू-गंध लावणारी लहान मुलं रोज दिसतात, आता कुंभमेळा येतोय म्हणजे आणखी वाढतील. आपण काय करू शकतो? पैसे द्यावेत की नाही?

गोदाकाठ

पैसे देऊ नका, १०९८ फिरवा, मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. चोवीस तास चालतो, फुकट आहे. नाव सांगायची सक्ती नाही. मूल कुठल्या घाटावर आहे, अंगावर काय कपडे, सोबत कोण, बरोबर तान्हं बाळ आहे का (ते झोपलेलंच असतं का हेही बघा) एवढं सांगा. स्वतः हात धरून मुलाला कुठे नेऊ नका. मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७६ नं पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण मूल मात्र गुन्हेगार नाही, त्याला बालकल्याण समितीपुढे न्यायचं असतं. आणि सगळीच मुलं टोळीची नसतात, काहींची आई तिथेच हार विकत असते. अशा मुलाला उचलून बालगृहात टाकणं हा उपाय नाही, आधी अंगणवाडी आणि शाळा. कुंभमेळ्यात हरवलेल्या मुलांसाठीही हाच नंबर, तो आत्ताच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा सगळ्यांनी.

रानवारा

ताई परत मीच. त्या सपोर्ट पर्सनच्या अर्जाची पोच मिळाली त्यांना, तुमचे आभार मानायला सांगितलंय. तिथेच कुणीतरी मनोधैर्य योजनेचं, म्हणजे अत्याचार झालेल्यांना सरकार पैशाची मदत देतं तिचं, पण सांगितलं, तिचा अर्ज कुठे?

आणि अजून एक. आमच्या ओळखीत एक आजी आहेत, मुलगा-सून दोघंही गेले, नातू आठ वर्षांचा त्यांच्याकडे आहे. धुणीभांडी करतात. नातेवाईक म्हणतात पोराला वसतिगृहात टाका. त्यांना टाकायचं नाहीये.

गोदाकाठ

वा, पोच जपून ठेवायला सांगा. मनोधैर्यचा अर्ज विधी सेवा प्राधिकरणातच करायचा, केस बघून १० लाखांपर्यंत मदत मिळते. निकालापर्यंत थांबायची गरज नाही, एफआयआर झाल्यावर विशेष न्यायालय अंतरिम भरपाई पण देऊ शकतं. आणि आत्ता रोजचा जाण्यायेण्याचा, खाण्याचा खर्च जड होत असेल तर पोक्सो नियमांच्या नियम ८ खाली बालकल्याण समितीला विशेष मदतीची शिफारस करायला सांगा, हे फार कमी लोक मागतात.

आजींना सांगा, नातवाला अजिबात कुठे टाकू नका. मूल घरात राहावं हेच कायद्याचंही म्हणणं आहे, संस्था हा शेवटचा पर्याय. राज्याची बालसंगोपन योजना आहे, सावित्रीबाई फुल्यांच्या नावानं, महिन्याला २२५० रुपये मुलाच्या नावे मिळतात. आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, मुलाचा जन्मदाखला, बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड आणि बँकेचं खातं एवढं गोळा करायला घ्या. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसला, मग बालकल्याण समिती आदेश काढते. वडिलांच्या नावावर घर किंवा पीएफ काही असेल तर तेही नातेवाईकांच्या आधी मला दाखवा, त्यात नातवाचा हिस्सा आहे.

रानवारा

पीएफ आहे बहुतेक, अंबडला कंपनीत होता मुलगा. आजींना लिहितावाचता येत नाही. त्या सकाळी कामाला जातात, दुपारी दोननंतर घरी असतात. पत्ता देऊ का?

गोदाकाठ

इथे नको, व्यक्तिगत निरोपातून द्या. शनिवारी दुपारी येते मी, कोरे कागद आणि स्टॅम्पपॅड घेऊन. मृत्यूचे दाखले तेवढे शोधून ठेवायला सांगा, आणि कंपनीचं ओळखपत्र किंवा जुनी पगाराची स्लिप असेल तर तीही.